वयस्क मांजरीची घरातल्या बोक्याशी ओळख कशी करून द्यावी?

गोरेगावकरीण

आमच्याकडे चार वर्षांचा, नसबंदी झालेला गोट्या नावाचा बोका आहे. पिल्लू असताना तो इमारतीच्या पार्किंगमध्ये सापडला आणि तेव्हापासून दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि कबुतरांसाठी जाळी लावलेली बाल्कनी एवढेच त्याचे जग आहे. दुसरे मांजर त्याने पाहिले असेल तर खिडकीतूनच. माझ्या आत्याने आता दादरचे तळमजल्यावरचे घर सोडून वृद्धनिवासात राहायला जायचे ठरवले. तिथे प्राणी ठेवता येत नसल्यामुळे तिची मांजरी साळू गेल्या आठवड्यात आमच्याकडे आली. आत्याच्या हिशेबाने साळू बारा वर्षांची तरी असावी. तिचीही शस्त्रक्रिया झालेली आहे, परंतु शेवटची लस केव्हा दिली हे कोणालाच नक्की सांगता येत नाही. आत्याकडे ती एकटीच असे. दिवसा मागच्या अंगणात आणि रात्री आत्याच्या पायाशी.

सध्या साळू लहान खोलीत, दाराआड आहे. दिवसभर ती पलंगाखालून बाहेर येत नाही. रात्री थोडे खाते आणि मातीच्या ट्रेमध्ये जाऊन येते. गोट्या दाराच्या फटीशी नाक लावून बसतो, फिसकारतो, आणि तिथून उठवायला गेले की आमच्यावरही गुरगुरतो. माझ्या नवऱ्याचे म्हणणे असे की दार उघडून टाकावे, चार दिवस भांडतील आणि मग आपोआप जमेल. मला तो धीर होत नाही. दोघांना किती दिवस वेगळे ठेवावे? इतक्या वयाच्या मांजरीला नव्या सोबतीची सवय होऊ शकते का? आणि मुळीच जमले नाही तर दोन खोल्यांच्या घरात काय करावे? या विषयातील अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहावे.

पेठेतली_मांजरे

ताई, आपण दार बंद ठेवले हे योग्यच केले आहे. ते इतक्यात उघडू नका. मी पुण्यात बेवारस मांजरांना तात्पुरता आसरा देण्याचे काम अनेक वर्षे करत आहे. माझे ठाम मत असे की दिवस मोजून या गोष्टी ठरवता येत नाहीत. एका पायरीवर दोन्ही मांजरे निवांत खाऊ-झोपू लागली की पुढच्या पायरीवर जावे, आणि दोघांपैकी जे अधिक बिचकते त्याच्या गतीने जावे. पिल्लांच्या बाबतीत हे आठवड्याभरातही होते. बारा वर्षे एकटी राहिलेली मांजरी महिना-दोन महिने घेऊ शकते आणि त्यात काहीही वावगे नाही.

मांजराच्या दृष्टीने घर म्हणजे वासांचा नकाशा असतो. गाल, हनुवटी, कपाळ आणि पंजे येथील ग्रंथींमधून येणारा वास ती दाराच्या चौकटीला, सोफ्याच्या कोपऱ्याला आणि आपल्या पोटऱ्यांना घासून ठेवतात. त्यामुळे साळूची ओळख गोट्याच्या डोळ्यांआधी त्याच्या नाकाशी व्हायला हवी. एक स्वच्छ सुती फडके साळूच्या गालांवरून हळुवार फिरवा आणि ते गोट्याच्या जेवणाच्या ताटलीपासून काही अंतरावर ठेवा. त्याचप्रमाणे गोट्याचे फडके तिच्या खोलीत ठेवा. त्याने ते हुंगून पाठ फिरवली तर उत्तम झाले असे समजावे. फिसकारला तरी रागावू नका, कारण फिसकारणे ही 'लांब राहा' अशी सूचना आहे आणि ती देऊ दिली नाही तर मांजर थेट पंजा मारते. काही दिवसांनी साळूला उरलेल्या घरात फिरू द्या, आणि त्या वेळात गोट्याला तिच्या खोलीत दार लावून ठेवा. आत्याची न धुतलेली एखादी जुनी साडी मिळाली तर साळूच्या अंथरुणावर घाला; परक्या घरात तेवढाच एक ओळखीचा वास तिला मिळेल.

या काळात फरशी फिनाइलने पुसू नका. फिनाइलमधील द्रव्ये मांजरांना विषारी असतात; ती पंजांना लागून चाटण्यातून पोटात जातात. शिवाय आपण इतक्या खटपटीने जे वास घरात रुजवत आहोत तेही त्या उग्र दर्पाखाली दबून जातात. धूप आणि खोलीत फवारायची सुगंधी द्रव्येही काही दिवस बाजूला ठेवलेली बरी.

त्यानंतर जेवणे दाराच्या दोन्ही बाजूंना सुरू करा. सुरुवातीला ताटल्या दारापासून बऱ्याच लांब असाव्यात आणि दोघेही मान वर न करता खात असतील तरच रोज थोड्या जवळ सरकवाव्यात. ही पायरी जमल्यावर त्यांनी एकमेकांना प्रथम पाहावे ते जाळीतून. आपल्याकडे डासांसाठी जाळीचे दार बसवून देणारे सुतार प्रत्येक वस्तीत असतात. तसे एक दार लहान खोलीला लावून घ्या. मात्र प्लॅस्टिकची जाळी नखांनी फाटते, म्हणून धातूची घ्यावी आणि खालचा अर्धा भाग प्रथम पुठ्ठ्याने झाकावा. पापणी न हलवता रोखून पाहणे, कान मागे चपटे करणे, शेपूट फटकारणे ही लक्षणे दिसली की पुठ्ठा पुन्हा वर चढवावा. समोरासमोर भेटी त्यानंतर, अगदी थोड्या वेळाच्या, आणि दोघेही शांत असतानाच संपवायच्या. भांडण जुंपलेच तर हात मध्ये घालू नका. मध्ये उशी किंवा मोठा पुठ्ठा सरकवा.

निवृत्त_पशुवैद्य

वरील क्रम योग्य आहे. परंतु या प्रकरणात मांजरी बारा वर्षांची आहे ही गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची असून तिच्याकडे अजून कोणी पाहिलेले दिसत नाही.

दाराआडचा काळ हा विलगीकरणाचाही काळ असतो. साळू अंगणात बसत असे, म्हणजे बाहेरच्या मांजरांशी तिचा संबंध आलेला असू शकतो. पिसवा, कानातील किडे आणि गजकर्ण यांची तपासणी प्रथम करावी. पॅनल्युकोपेनिया, हर्पीज आणि कॅलिसी या तीन विषाणूंवरील एकत्रित लस आणि रेबीजची लस या दोन्हींबाबत, नोंद नसेल तर, दिलेली नाही असेच धरून चालावे. मांजरांचा ल्युकेमिया आणि एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू) या दोन विषाणूजन्य आजारांची तपासणी रक्ताच्या काही थेंबांवर दवाखान्यातच होते. मात्र संसर्ग अगदी ताजा असेल तर ती फसवी ठरू शकते. म्हणून ल्युकेमियाची तपासणी सुमारे ३० दिवसांनी आणि एफआयव्हीची ६० दिवसांनी पुन्हा करण्याची पद्धत आहे. आपल्याला घाई नसल्यामुळे हा अवधी सहज मिळेल.

दुसरी बाब वेदनेची. बारा वर्षांवरील शंभर मांजरांच्या क्ष-किरण चित्रांचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात नव्वद मांजरांच्या सांध्यांत किंवा मणक्यांत झीज आढळली. अशी मांजरे बहुधा लंगडत नाहीत. ती फक्त उंच उड्या मारणे सोडून देतात, पाठीचा मागचा भाग चाटून स्वच्छ ठेवणे कमी करतात आणि कंबरेला हात लावला की चिडतात. आता चार वर्षांच्या बोक्याने खेळण्यासाठी म्हणून जरी तिच्या अंगावर झेप घेतली तरी तिला ते असह्य होईल, ती बोचकारेल, आणि आपण म्हणू की दोघांचे पटत नाही. स्वभावाच्या नावावर खपणारी अशी कितीतरी भांडणे मी दाढ काढून किंवा सांध्यांवर उपचार करून मिटलेली पाहिली आहेत. त्यामुळे दात, मूत्रपिंड, थायरॉइड आणि रक्तदाब एवढे सगळे पाहून घ्या. घरातली पॅरासिटामॉलची गोळी कोणत्याही परिस्थितीत देऊ नका. मांजराला ती अल्प मात्रेतही जीवघेणी ठरते. कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त पिसवांचे औषध मांजराला लावणेही तितकेच धोक्याचे आहे.

गोट्याकडेही दुर्लक्ष नको. ताण आलेल्या बोक्यांमध्ये मूत्रमार्गाची जळजळ होऊन लघवी तुंबण्याचा प्रकार नेहमी दिसतो. तो वारंवार ट्रेमध्ये बसत असेल, ओरडत असेल आणि लघवी होत नसेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच तासाला दवाखाना गाठावा. आणि दोघांपैकी कोणीही पूर्ण दिवसभर काहीच खाल्ले नाही, तर 'रुसले असेल' असे म्हणून सोडून देऊ नये. उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून ते गंभीर आजारी पडू शकते.

मालवणी_माणूस

सर्वांविषयी आदर राखून थोडे वेगळे मत मांडतो. आमच्या मालवणच्या घरी सहा-सात मांजरे नेहमीच असत. नवे मांजर आले की आई ना खोली बंद करी, ना जाळीचे दार बसवी. दोन रात्री आरडाओरडा होई, आणि मग सगळी एकाच पडवीत मासळीच्या वाटणीची वाट पाहत बसत. मांजरांचे मांजरांना ठरवू द्यावे. आपण जेवढे मध्ये पडतो तेवढा गुंता वाढतो. फार तर दोघांच्या अंगाला एकच पावडर चोळावी, म्हणजे दोघांचा वास सारखा होतो आणि ती एकमेकांना घरचीच समजतात. हा उपाय माझ्या काकूने केलेला मी स्वतः पाहिला आहे.

पेठेतली_मांजरे

आपल्या आईंच्या पडवीत जे घडत होते ते खरेच आहे, पण ते का घडत होते हेही पाहायला हवे. पाळीव मांजराचा पूर्वज असलेले आफ्रिकी रानमांजर एकटे राहणारे आहे. अन्न मुबलक असेल तिथे पाळीव मांजरे गटाने राहतात, परंतु त्या गटाचा गाभा बहुधा माय, लेकी आणि बहिणी यांचा असतो. परक्या मांजराला तिथेही सहजासहजी शिरकाव मिळत नाही. आपल्या घरच्या सहा-सात मांजरांपैकी बहुतेक एकाच भाटीच्या, म्हणजे मांजरीच्या, पिढ्या असण्याची शक्यता मोठी आहे. दुसरे असे की त्या घराला माळा होता, मागचे दार होते, माड होते, शेजारचे आवार होते. ज्याला नको वाटे ते उठून जाई, आणि ज्याला फारच नको वाटे ते परत येत नसे. आपण उरलेली तेवढीच मोजतो. गोरेगावच्या दोन खोल्यांत हरलेल्याला निघून जायला जागाच नाही. तिथे साळू पलंगाखाली जाईल आणि तिथेच राहील, आणि आपल्याला वाटेल की भांडण मिटले.

पहिल्या भेटीचे महत्त्वही कमी लेखू नये. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये, निवाऱ्यातून मांजर दत्तक घेऊन घरातल्या मांजरात सोडणाऱ्या कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध केली होती. सुमारे निम्म्या घरांत सुरुवातीला बोचकारणे-चावणे झाले होते. पुढे भांडणे चालू राहण्याचा संबंध वयाशी किंवा नर-मादी असण्याशी आढळला नाही. तो आढळला पहिल्या भेटीत काय झाले याच्याशी. म्हणून तर पुठ्ठ्याचा आणि जाळीचा एवढा खटाटोप.

पावडरीचे म्हणाल तर ती मांजर चाटून पोटात घेते आणि तिची भुकटी श्वासातही जाते, त्यामुळे कृपया तो उपाय कोणी करू नये. शिवाय दोन्ही मांजरांचा आपापला वास झाकला गेल्याने गोंधळ वाढण्याचाच संभव अधिक.

मालवणी_माणूस

पावडरीचा मुद्दा मान्य. भाटीच्या पिढ्यांचेही बरोबर असावे. आमच्याकडची निम्मी मांजरे एकाच ठिपक्याठिपक्यांच्या वाणाची होती. मात्र माणसाने रात्रंदिवस पाळत ठेवली की मांजरे अधिक बिचकतात, या माझ्या मतावर मी कायम आहे.

गोरेगावकरीण

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मधल्या काळात बरेच काही झाले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

साळूची तपासणी करून घेतली. ल्युकेमिया आणि एफआयव्ही दोन्ही नकारार्थी आले, ल्युकेमियाची फेरतपासणीही तशीच आली. एक दाढ पूर्ण किडलेली होती, ती काढली. त्यानंतर तिचे खाणे जवळजवळ दुप्पट झाले आणि ती दिवसाही पलंगावर येऊन बसू लागली. रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडे बाहेर टाकतात तो घटक) २.१ आले आणि लघवी पातळ आहे. डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या आजाराची दुसरी पायरी सांगून त्यासाठीचा वेगळा आहार सुरू केला आहे. जाळीचे दार बसवले. फडकी, खोल्यांची अदलाबदल, दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण हे सगळे सुरळीत पार पडले. आता संध्याकाळी थोडा वेळ दार उघडतो. दोघे एकमेकांपासून अंतर राखून बसतात, क्वचित फिसकारतात, एवढेच.

तरी तीन अडचणी उरल्या आहेत. साळूचा ट्रे पॅसेजच्या टोकाला, न्हाणीघराच्या बाजूला आहे, आणि गोट्या नेमका पॅसेजच्या तोंडाशी आडवा पडून राहतो. तो काहीच करत नाही, नुसता पाहतो. परंतु साळू अलीकडे पायपुसण्यावर लघवी करू लागली आहे. दुसरे म्हणजे गोट्याला साळूचा आहार आवडतो आणि साळूला गोट्याचा. तिसरे, दिवाळी तोंडावर आली आहे. भेटी चालू ठेवाव्यात की थांबवाव्यात?

निवृत्त_पशुवैद्य

पायपुसण्याचा दोष लगेच गोट्याला देऊ नका. मूत्रपिंड दुबळे झालेल्या मांजरीची लघवी पातळ असते आणि तिला जंतुसंसर्ग लवकर होतो, त्यामुळे लघवीची तपासणी आणि कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी) प्रथम करून घ्या. तिला लघवी जास्त होते म्हणून ट्रेही दिवसातून दोनदा तरी साफ व्हायला हवा, आणि सांधे दुखत असतील तर त्याची पुढची कड इतकी कमी असावी की पाय फारसा न उचलता आत जाता येईल. माळीकामाचा पसरट प्लॅस्टिक ट्रे यासाठी चांगला चालतो.

आहाराबाबत सांगायचे तर निरोगी बोक्याने मूत्रपिंडाच्या आहाराचे चार घास खाल्ल्याने त्याचे बिघडत नाही. बिघडते ते साळूने त्याचे खाण्यात, कारण त्यात फॉस्फरस जास्त असतो. दिवसभर वाटी भरून ठेवण्याची पद्धत बंद करा, दोघांच्या जेवणाच्या वेळा ठरवा आणि त्या वेळी जाळीचे दार लावून घ्या. उरलेले लगेच उचलावे. पाणी मात्र साळूला घरात अनेक ठिकाणी मिळू द्या. सुकट, खारवलेले मासे असे काही प्रेमाने दिले जात असेल तर ते थांबवा.

पेठेतली_मांजरे

लघवीची तपासणी होईल, पण ट्रेची जागाही आजच बदला. गोट्या काहीच करत नाही असे आपण लिहिले आहे. वाट अडवून नुसते पाहणे हेच मांजरांच्या जगातले दडपण आहे, आणि आपल्याला ते आळसासारखे दिसते. एकच तोंड असलेली जागा ट्रेसाठी वाईट. दोन मांजरांना तीन ट्रे असावेत असा सर्वसाधारण संकेत आहे, पण ते शेजारी शेजारी मांडले तर मांजरांच्या लेखी ते एकच. एक ट्रे साळूच्या खोलीत आणि एक बैठकीच्या खोलीत, जिथून दोन बाजूंनी निघता येईल असा ठेवा. लघवी झालेले पायपुसणे टाकून द्या आणि फरशीसाठी पाळीव प्राण्यांकरिता मिळणारा एन्झाइमयुक्त द्रव वापरा. गोट्याला भेटीच्या आधी काठीला बांधलेल्या पिसाच्या मागे चांगले दमवा आणि मग खायला द्या. पोट भरलेला, दमलेला बोका वाट अडवण्याऐवजी अंग चाटून झोपतो. त्याला कपाटावर चढून बसायची जागाही द्या, म्हणजे खालची जमीन साळूला मोकळी मिळेल.

दिवाळीत नवीन काहीही करू नका. फटाक्याच्या आवाजाने दचकलेले मांजर समोर जो दिसेल त्याच्यावर तुटून पडते, आणि त्यानंतर त्या आवाजाची सगळी भीती समोरच्या मांजराशी जोडली जाते. महिन्यांची मेहनत अशा एका संध्याकाळी वाया गेलेली मी पाहिली आहे. त्या चार-पाच दिवसांत जाळीच्या दारावर जाड चादर घाला, दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा, खिडक्या लावून घ्या, आणि फटाके थांबल्यावर जाळीआडच्या जेवणापासून पुन्हा सुरुवात करा. या वेळी ते लवकर पुढे सरकेल.

दुपारची_पाळी

आपल्या मूळ प्रश्नातील शेवटच्या भागाचे, म्हणजे मुळीच जमले नाही तर काय, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. आमच्या नाशिकच्या घरातील दोन मांजरी कित्येक वर्षे एकत्र राहूनही एकदाही एकमेकींना चाटलेल्या नाहीत किंवा एका गादीवर झोपलेल्या नाहीत. सकाळी खिडकीवरचे ऊन थोरलीचे असते. दुपारी ती उठून कपाटामागे गेली की धाकटी तिथे येते. ही व्यवस्था आम्ही लावलेली नाही, त्यांनीच लावली. आम्ही फक्त बसायच्या जागा वाढवल्या. एकाच खिडकीला दोन वेगवेगळ्या उंचीच्या फळ्या ठोकल्या, खाण्याची ठिकाणे एकमेकींना दिसणार नाहीत अशी ठेवली, आणि पाहुण्यांच्या 'अजून मैत्री नाही झाली?' या प्रश्नाला उत्तर देणे सोडून दिले. मांजरांची गट्टी व्हावी ही आपली हौस असते. त्यांचे तिच्यावाचून काही अडत नाही.

काळजी कधी करावी तर एखादे मांजर खायला बाहेरच येत नाही, वजन घटते आहे, जखमा होत आहेत किंवा ते पूर्ण दिवस एकाच जागी दडून बसते आहे, आणि पायऱ्या पहिल्यापासून पुन्हा करूनही यात फरक पडत नाही, अशा वेळी. तेव्हा प्राण्यांच्या वर्तनाची जाण असलेल्या पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. काही मांजरांना औषधानेही बराच फरक पडतो. त्यानंतरही कायमचे दोन भाग करावे लागले, तर आपल्याकडे जाळीचे दार आहेच. रात्री साळू तिच्या खोलीत दाराआड आणि गोट्या बाहेर, दिवसा आपण घरी असताना दार उघडे, असे वेळापत्रक वर्षानुवर्षे चालवणारी घरे माझ्या माहितीत आहेत. आपले वर्णन पाहता आपल्यावर ती वेळ येईल असे वाटत नाही. अंतर राखून बसतात आणि क्वचित फिसकारतात, एवढ्यावर आमच्या घरी आम्ही पेढे वाटले असते. लघवीच्या तपासणीचा अहवाल आला की तेवढा मात्र इथे जरूर कळवा.